मेलबर्न पाहायचंय? आधी ती यादी फाडा

आत्या विमानात बसायच्या आठ दिवस आधी तिची यादी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर. कुणीतरी कुणाला पाठवलेली, तिच्या भिशीच्या ग्रुपवर फिरलेली आणि मग माझ्यापर्यंत पोहोचलेली. ‘मेलबर्नमध्ये पाहायलाच हवीत अशी ११ ठिकाणं’. प्रत्येक ओळीपुढे एक इमोजी. खाली आत्याचा स्वतःचा प्रश्न : “एवढं सगळं सहा दिवसांत होईल ना गं?”

होतं. नक्की होतं. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते आणि वर्षाला दोन-तीन तरी पाहुणे घरी येतात. सगळे थोड्याफार फरकाने हीच यादी घेऊन येतात. ट्वेल्व्ह अपॉसल्सचे खडक, फिलिप आयलंडचे पेंग्विन, यारा व्हॅलीतली वाइन, डोंगरातली वाफेची आगगाडी, ब्रायटनच्या किनाऱ्यावरच्या रंगीत खोल्या, उंच इमारतीच्या गच्चीवरून दिसणारं शहर, क्रिकेटचं मैदान. मी सगळ्यांना सगळं दाखवलंय. म्हणून जरा अधिकाराने सांगते : या यादीच्या मागे धावणारा माणूस सहा दिवस मेलबर्नमध्ये राहतो आणि मेलबर्न न बघता परत जातो.

जरा मोजून बघा. पहिली चार ठिकाणं शहरात नाहीतच. पेंग्विन सुमारे १४० किलोमीटरवर. अपॉसल्स तर त्याहून दूर, किनाऱ्याच्या रस्त्याने एका बाजूचेच चार-पाच तास. आत्याला मी बसच्या सहलीने नेलं. सकाळी सातला निघालो, रात्री आठनंतर परतलो. एवढ्या वेळात खडकांसमोर आम्ही जेमतेम पाऊण तास उभ्या होतो. (बारा ते कधीच नव्हते. एक तर २००५ साली कोसळलाही.) वाटेत एका लाकडी कमानीपाशी बस थांबली आणि सगळ्यांनी फोटो काढले. पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी हा रस्ता खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. ती कमान त्याची. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा बस पुढे गेली होती. घरी आल्यावर सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडून ती म्हणाली, “छान होतं गं. पण इथली माणसं कुठे असतात?”

या प्रश्नाला यादीत उत्तर नाही.

पेंग्विनच्या बाबतीत तर मजाच आहे. अंधार पडताना ते इवलेसे पक्षी समुद्रातून निघून बिळांकडे चालत जातात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून तिथे फोटो आणि व्हिडिओला बंदी आहे. माझा एक मावसभाऊ तिथून परतताना अख्खा रस्ताभर धुसफुसत होता. शेवटी म्हणाला, “फोटो नाही काढू दिला, मग गेलो कशाला?” मी त्याला हसले नाही. तो फक्त खरं बोलला होता. आपण पाहायला जात नाही, पाहिल्याचा पुरावा आणायला जातो.

आता तुमच्यातले काही म्हणतील, हे टूरवाल्या काका-काकूंचं झालं. आम्ही बॅग पाठीला लावून एकटे फिरतो, आम्ही ‘लोकल’ बघतो. बरं. मग तुमची यादी बघू. होझियर लेनमधल्या रंगवलेल्या भिंती, गल्लीतली कॉफी आणि त्या कॉफीवरची नक्षी, आणि ब्रायटनच्या रंगीत खोल्या. तुमची यादी रीलमधून आली, त्यांची भिशीतून, एवढाच फरक. त्या ब्रायटनच्या खोल्या काय आहेत माहितीये? लोकांच्या खासगी मालकीच्या, कुलूप लावलेल्या लाकडी खोल्या. आत वीज नाही, नळ नाही, आणि तरी लाखो डॉलरना विकल्या जातात. म्हणजे हजारो मैल उडून येऊन आपण कुणाच्या तरी बंद दारासमोर उभं राहून हसतो. पाठीमागचा समुद्रकिनारा मात्र सगळ्यांचा आहे. त्याच्याकडे पाठ करून आपण दाराचा फोटो घेतो.

यादी अशी का असते? कारण यादी विकणारा बनवतो. ज्याला तिकीट आहे, ज्यावर कमिशन आहे, जिथे बस उभी करता येते किंवा जिथे रील चालते, ते यादीत येतं. जे शहराने सगळ्यांसाठी फुकट ठेवलंय, त्याची जाहिरात कोण करणार? आणि जे शहराने कुणाकडून तरी हिसकावून घेतलं, त्याची तर अजिबातच कोण करणार? पण शहर या दोनच गोष्टींवरून कळतं, असं माझं म्हणणं आहे. सगळ्यांसाठी काय मिळवलं, आणि कुणाकडून काय घेतलं. मेलबर्नमध्ये दोन्हींना तिकीट नाही.

पाचव्या दिवशी पाऊस आला आणि वाइनची सहल रद्द झाली. मी आत्याला घेऊन शहरात गेले. मधल्या भागात ट्रॅम सगळ्यांना फुकट आहे. चढायचं, उतरायचं, कार्ड दाखवायचं नाही. आत्या दर थांब्याला कंडक्टर शोधत होती. “आपल्याकडे मुंबईत होत्या ना गं ट्रॅम?” होत्या. १८७४ साली घोड्यांनी ओढायच्या सुरू झाल्या आणि १९६४ साली शेवटची धावली. मोटारींना रस्ता हवा म्हणून जगातल्या कितीतरी शहरांनी त्या काळात ट्रॅम काढून टाकल्या, खुद्द सिडनीनेसुद्धा. मेलबर्नने ठेवल्या. आज इथे सुमारे २५० किलोमीटरचं जाळं आहे, जगातलं सगळ्यात मोठं. यादीत ट्रॅम असतेच, पण ‘जुन्या ट्रॅमसोबत सेल्फी’ म्हणून. मुंबईने जे टाकलं ते इथे का टिकलं, हा प्रश्न सेल्फीत मावत नाही.

आम्ही स्टेट लायब्ररीपाशी उतरलो.

इथे आत्याबद्दल सांगायला हवं. ती सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होती. ‘ब’ वर्ग वाचनालय. अनुदानाचा हप्ता आला की पगार. काचेची कपाटं, कपाटांना कुलपं, किल्ल्यांचा जुडगा आत्याच्या कमरेला. एखादं पुस्तक हरवलं तर पैसे तिच्या पगारातून कापले जात. म्हणून ती कुणाला कपाटाजवळ फिरकू देत नसे. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायचे तेव्हा मलाही नाव सांगून पुस्तक मागावं लागायचं. हात लावून निवडायचं नाही.

तर ही बाई त्या घुमटाखाली उभी राहिली. १९१३ सालचा अष्टकोनी वाचनकक्ष, वर सहा मजले उंच पांढरा घुमट, खाली मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली लाकडी टेबलं, हिरवे दिवे. कॉलेजची मुलं अभ्यास करत होती. एक म्हातारे गृहस्थ पावसाने भिजलेला कोट खुर्चीला लावून डुलक्या घेत होते.

“तिकीट किती?” आत्याने कुजबुजत विचारलं.

“नाही तिकीट.”

“मग सभासदत्व?”

“बसायला काहीच लागत नाही.”

“आणि तो झोपलाय त्याला कोण उठवत नाही?”

“नाही.”

ती एका खुर्चीवर बसली आणि दोन तास उठली नाही. काही वाचलं नाही. नुसती माणसं बघत होती. आदल्या चार दिवसांत तिने माझ्या फोनवर कितीतरी फोटो काढून घेतले होते. इथे एकही काढायला सांगितला नाही.

आता इथे थांबून मला एका धोक्याबद्दल बोललं पाहिजे, कारण परदेशात राहणारी माणसं नेमकी इथेच घसरतात. “बघा, तिकडे कसं सगळं शिस्तीत, स्वच्छ, फुकट, नाहीतर आपल्याकडे...” ही दुसरी यादी. पहिलीइतकीच खोटी. गोऱ्या लोकांच्या रक्तात वाचनालय नसतं. आणि त्या घुमटाखालची पुस्तकंसुद्धा घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. प्रश्न स्वभावाचा नाही. प्रश्न आहे, हे कुणी मिळवलं, कसं मिळवलं आणि कुणाच्या जमिनीवर. तो सोडवायला वाचनालयातून बाहेर पडून वीस मिनिटं चालावं लागतं. तिकिटाशिवाय. मेलबर्नमध्ये तुमच्याकडे एकच दिवस असेल तर माझ्या मते तो या चालण्यावर घालवा.

वाचनालयाच्या दारात रेडमंड बॅरीचा पुतळा आहे. या न्यायाधीशाच्या पुढाकाराने १८५६ साली हे वाचनालय उघडलं. नियम साधा होता : चौदा वर्षांवरच्या कुणीही यावं, हात स्वच्छ असावेत. याच बॅरीने १८८० साली नेड केली या दरोडेखोराला फाशी सुनावली. केलीचं लोखंडी चिलखत आता याच वाचनालयात आहे, आणि त्याला फासावर चढवलं तो जुना तुरुंग इथून पाच मिनिटांवर. तुरुंगाला मात्र तिकीट आहे, त्यामुळे तो यादीत असतो.

तुरुंगावरून पुढे रसेल स्ट्रीटच्या टोकाला, ट्रेड्स हॉलच्या समोर, एक उंच खांब आहे. वर सोनेरी ८-८-८. यादीत तो नसतो. २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि संसदेवर मोर्चा नेला. त्यांची मागणी होती आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःसाठी. पगार न कापता. त्यांनी ती मिळवली. जगात इतक्या लवकर हे मिळवणारे कामगार फार थोडे. सगळ्यांना ते लगेच मिळालं नाही, बायकांना तर नाहीच. पण सुरुवात तिथून झाली.

वर्ष बघा : १८५६. वाचनालय आणि आठ तास, एकाच वर्षी. मला वाटतं या शहरात पाहण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. फुकट वाचनालय उघडून उपयोग काय, जर माणूस बारा तास राबून घरी येत असेल? दार उघडं हवं आणि दारातून आत जायला वेळही हवा. दुसरी गोष्ट पाथरवटांनी भांडून घेतली. आपल्याकडे आठवड्याला सत्तर तास काम करा असे सल्ले आजही मोठी माणसं देतात, आणि तेच ऐकणारी आयटीतली पोरं वर्षातून एकदा दहा दिवसांची रजा घेऊन मेलबर्नला येतात. या खांबाखालून त्यांची बस निघून जाते. आणि आपल्याला परदेशीच दाखला हवा असंही नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. तुमच्या रविवारच्या ट्रेकचं, सिनेमाचं, या लेखाचंही ऋण त्यांच्याकडे आहे. ‘मुंबईत पाहण्यासारखी ११ ठिकाणं’ या यादीत लोखंडे कुठे आहेत?

खांबाकडून पश्चिमेला व्हिक्टोरिया स्ट्रीटने चालत गेलात तर क्वीन व्हिक्टोरिया मार्केट येतं. ते यादीत असतं : गरम जाम भरलेले डोनट, चीज, फळं. सगळं खा. पण मार्केटच्या अलीकडे, फ्रँकलिन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक झोपाळ्यासारखी दिसणारी चौकट आहे, आणि तिच्याजवळ वर्तमानपत्रांच्या पेट्या. ते २०१६ साली उभारलेलं स्मारक आहे. टनरमिनरवेट आणि मॉलबॉयहीनर या दोन तास्मानियन अ‍ॅबोरिजिनल पुरुषांचं. २० जानेवारी १८४२ रोजी, हजारो लोकांसमोर, इथून जवळच त्यांना फाशी दिली. मेलबर्नमधली ही पहिली जाहीर फाशी. दोन व्हेलशिकाऱ्यांना मारल्याचा आरोप होता. ज्यूरीने दयेची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. त्या काळच्या कायद्याने अ‍ॅबोरिजिनल माणसाची साक्ष कोर्टात चालत नसे, म्हणजे स्वतःच्या खटल्यात त्यांना स्वतःची बाजू सांगता आली नाही. त्यांचा वकील होता तरुण रेडमंड बॅरी. होय, तोच, वाचनालयाच्या दारातला.

त्यांना पुरलं ते आजच्या मार्केटखाली. ते एकटे नाहीत. हे मार्केट शहराच्या पहिल्या दफनभूमीवर पसरत गेलं आणि आजही तिथे सुमारे नऊ हजार माणसं जमिनीखाली आहेत. आत्या हातात डोनट धरून उभी होती. मी सांगितल्यावर तिने खाणं थांबवलं नाही, पण खाली वाकून पायाखालच्या फरशीला हात लावून नमस्कार केला. शेजारचा भाजीवाला बघत राहिला.

मी तिला नदीचंही सांगितलं. मधून वाहणारी यारा नदी. हे नाव १८३५ साली एका इंग्रज सर्वेक्षकाने चुकून दिलं. स्थानिक माणसाने वाहत्या पाण्यासाठी वापरलेला शब्द त्याने नदीचं नाव समजून लिहून घेतला. ज्यांची ही भूमी, त्या वुरुंजेरी लोकांच्या बोलीत ती बिरारंग आहे. तिच्या काठावर एका उद्यानाला आता बिरारंग मार असं नाव आहे. नाव परत मिळालं, जमीन नाही.

आता क्रिकेट. ते टाळून मराठी माणसाला मेलबर्न सांगता येत नाही. एमसीजीची टूर माझे सगळे पाहुणे करतात आणि सगळे अजिंक्य रहाणेच्या शतकाबद्दल बोलतात. बोलावंच. अ‍ॅडिलेडला ३६ धावांत सगळे बाद झाल्यावर, कोहली घरी परतलेला असताना, संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या या शांत माणसाने डिसेंबर २०२० मध्ये इथे ११२ धावा केल्या आणि सामना जिंकून दिला. पण सामनावीर म्हणून त्याच्या गळ्यात पडलेलं पदक कुणाच्या नावाचं होतं, हे विचारलं की सगळे गप्प. ते मुलाघ पदक होतं, आणि ते मिळवणारा रहाणे पहिला.

जॉनी मुलाघ, जन्मनाव उनारिमिन. १८६६ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी याच मैदानावर खेळलेल्या अ‍ॅबोरिजिनल संघातला खेळाडू. १८६८ साली ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडला गेला तो गोऱ्यांचा नव्हता. कर्णधार सोडला तर सगळे खेळाडू अ‍ॅबोरिजिनल होते. ४७ सामने खेळले, १४ जिंकले, १४ हरले. मुलाघने १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. दुसऱ्याच वर्षी व्हिक्टोरियाने कायदा केला आणि अ‍ॅबोरिजिनल लोकांनी कुठे राहायचं, काय काम करायचं, हे ठरवायचा अधिकार सरकारी मंडळाला दिला. दौरे संपले. दीडशे वर्षांनी त्याच्या नावाचं पदक संगमनेरच्या पोराच्या गळ्यात पडलं. एवढा थेट धागा आपल्या हातात असताना आपण ड्रेसिंग रूमच्या बाकावर बसून फोटो काढतो.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. “ताई, एवढा खर्च, व्हिसा, वर्षभराची रजा. परत कधी येणार? फाशी आणि थडगी बघायला येतो का आम्ही? जरा मजा करू द्या.” करा ना. पेंग्विन गोड आहेत. समुद्र सुंदर आहे. कॉफी उत्तम आहे. खडक पाहून तुम्हाला आनंद होत असेल तर मी तो हिरावून घेणारी कोण? पण ‘परत कधी येणार’ हाच तुमचा मुद्दा असेल तर तो माझ्या बाजूचा आहे. एकदाच येणार असाल तर ते बघा जे नेता येतं. खडक घरी नेता येत नाही, त्याचा फोटो फोनमधल्या सोळा हजार फोटोंखाली गाडला जातो. ‘हे कुणाचं आहे, कुणी मिळवलं, कुणाकडून घेतलं’ हा प्रश्न मात्र घरी नेता येतो. तो कस्टमला दाखवावा लागत नाही आणि कोल्हापूरला, नागपूरला, मडगावला उतरल्यावरही चालू राहतो. आपल्या गावचं मैदान कुणाचं? नदीकाठ कुणी घेतला? वाचनालयाच्या कपाटाला कुलूप का?

शेवटचा प्रश्न माझा नाही, आत्याचा आहे. ती परत गेली त्याला आता पाच महिने झाले. ग्रुपवर तिने अपॉसल्सचा एक फोटो टाकला, भिशीतल्या बायकांनी अंगठे दाखवले, संपलं. पण वाचनालयाच्या वार्षिक सभेत ती सभासद म्हणून उभी राहिली आणि म्हणाली, बालविभागाचं कपाट उघडं ठेवा, पोरांना हात लावून निवडू द्या. एकतीस वर्षं किल्ल्या कमरेला बाळगलेली बाई हे म्हणतेय म्हटल्यावर सभा आधी हसली. मग वादावादी झाली. मग एका कपाटाचं कुलूप निघालं.

परवा तिचा फोन आला होता. आतापर्यंत तीन पुस्तकं परत आलेली नाहीत. कार्यकारिणी कुरकुरतेय, नव्या ग्रंथपालाच्या पगारातून पैसे कापायचं म्हणतेय.

आत्या भांडतेय.